शिडाच्या बोटीवरचा हिवाळा : आधी ओल, मग थंडी

बोटीवर राहायला गेलो त्या पहिल्या नोव्हेंबरात एका सकाळी गादी उचलली, तर खालच्या फळीवर पाणी साचलेलं. वरून गळत नव्हतं, टाकीही फुटली नव्हती. ते पाणी आमचंच होतं. रात्रभर आम्ही दोघांनी सोडलेला श्वास आणि घाम गादीतून खाली उतरून थंड फळीवर जमला होता. मी चिपळूणची. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, वह्यांची पानं एकमेकांना चिकटतात, हे बघत वाढलेली. तरी हे काय चाललंय ते कळायला मला महिना लागला, कारण आम्ही सगळा वेळ थंडीशी भांडत होतो. हीटर मोठा केला की काम झालं, असं वाटत होतं.

आता तीन हिवाळे झाले. कोणी विचारलं की सांगते, इथल्या थंडीने फारसं काही होत नाही, माणूस वैतागतो तो ओलीने. ओल आटोक्यात आली की १६ अंशांतही केबिन उबदार वाटते. नाही आली, तर २२ अंशांतही अंथरूण गार आणि पाय बर्फ. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे.

आमची बोट ३० फुटांची, फायबरग्लासची, चाळिशीची. मुक्काम अमेरिकेतल्या सिॲटलच्या बॅलर्ड भागातल्या शिलशोल बे मरीनात (मरीना म्हणजे खासगी बोटी बांधून ठेवायचं बंदर), म्हणजे प्युजेट साउंड या खाडीच्या खाऱ्या पाण्यात. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ८ अंश सेल्सिअसच्या आसपास, रात्री ३-४. समुद्राचं पाणीही साधारण ८-९ अंशांवर असतं. ऐकायला हे फार वाटत नाही. पण २१ डिसेंबरला सूर्य सकाळी ७.५५ ला उगवतो आणि दुपारी ४.२० ला मावळतोही, आणि मधल्या वेळातही तो दिसेलच असं नाही. पाऊस बारीक, पण आठवडेच्या आठवडे. अधूनमधून कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या खोऱ्यातून ध्रुवाकडची कोरडी हवा घुसते, तेव्हा मात्र खरी थंडी. जानेवारी २०२४ मध्ये अशाच एका लाटेत पारा उणे ९ पर्यंत उतरला होता. तुमची बोट दुसऱ्या बंदरात असेल तर आकडे बदलतील, हिशोब तोच राहील.

(मरीनात कायम राहायला वेगळी परवानगी लागते, तिला प्रतीक्षायादी असते, आणि विमा कंपनीलाही तसं कळवावं लागतं. हे उन्हाळ्यातच उरकून घ्या. पुढचं सगळं ते झालं आहे असं धरून.)

हवेचा हिशोब

आधी दोन छोटे आर्द्रतामापक घ्या, दहा-पंधरा डॉलरचे. एक मधल्या केबिनमध्ये छातीच्या उंचीवर, दुसरा एखाद्या लॉकरच्या अगदी तळाशी, बोटीच्या भिंतीला टेकून. दुसरा जास्त महत्त्वाचा. केबिनमध्ये सगळं छान दिसत असताना लॉकरमध्ये काय शिजतंय ते तोच सांगतो.

केबिनची हवा १८ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ती हवा ११ अंशांच्या कुठल्याही वस्तूला लागली की तिच्यावर पाणी सोडते. पाण्याखालची बोटीची भिंत ८-९ अंशांवर आहे. म्हणजे ती घामेजणारच, तुम्ही कितीही पुसा. तेच तापमान ठेवून आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली, तर पाणी सुटण्याची ही रेषा साधारण साडेसात अंशांवर उतरते आणि भिंत कोरडी राहते. एवढ्यासाठी आमच्या बोटीवर ५० हा आकडा पवित्र आहे. पाण्याच्या वरची भिंत आणि खिडक्या रात्री याहून गार होतात, त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. तो पुढे येतोच.

पाणी येतं कुठून? माणूस झोपेत ताशी ४० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. दोघं, आठ तास, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त. त्यात उकळता चहा, भात, ओले रेनकोट, वाळत घातलेले मोजे. आणि ज्याचा कुणी विचार करत नाही तो गॅस. एक किलो प्रोपेन जळलं की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. धुरांडं नसलेला छोटा गॅस हीटर केबिनमध्ये लावणारा माणूस एका हाताने ऊब आणि दुसऱ्या हाताने बादली ओतत असतो.

सप्टेंबर : गळती

पाऊस सुरू व्हायच्या आत डेकवरच्या गळत्या बंद करा. मुख्य संशयित ठरलेले : खिडक्यांच्या चौकटी, कठड्याचे खांब जिथे डेकला बोल्टने धरलेत ती जागा, डोलकाठी सांभाळणाऱ्या तारांच्या पट्ट्या डेकमधून आत जातात ती फट, आणि डोलकाठी डेकमधून खाली उतरत असेल तर तिच्याभोवतीचं रबर. एकाने वरून नळी धरायची, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. खालून वर सरकत जायचं, एका जागी पाच मिनिटं. नळी एकदम सगळीकडे फिरवलीत तर पाणी कुठून आलं ते कधीच कळत नाही. आणि लक्षात ठेवा, थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं. डेकच्या दोन थरांमधून पाणी चार फूट चालत जाऊन टपकतं. आमची एक गळती उशाशी होती आणि तिचं मूळ निघालं नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळच्या, बोल्टमध्ये.

बोल्ट काढून, भोक कोरडं करून, ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून परत कसायचा. वरून सिलिकॉन फासणं म्हणजे फुटलेल्या कौलावर प्लास्टिक टाकणं. एक पाऊस निभतो.

ऑक्टोबर : अंगरखा

बोटीच्या भिंतीला आतून बंद पेशींचा फोम चिकटवायचा, किमान १२ मिलिमीटर, जमलं तर दुप्पट. बंद पेशींचाच, कारण साधा स्पंज पाणी पितो. तो भिंतीला घट्ट बसला पाहिजे. मागे पोकळी राहिली की ओलसर हवा तिथे शिरते आणि मग बुरशी तुमच्या नजरेआड सुखाने संसार करते. चकाकणारी फुग्यांची शीट दुकानात स्वस्त मिळते आणि सगळे आधी तीच आणतात, आम्हीही आणली. पण ती उष्णता परावर्तित करते ती समोर हवेची पोकळी असेल तरच. भिंत आणि गादीच्या मध्ये दाबून बसवलीत तर ती फक्त एक पातळ प्लास्टिक. खिडक्यांना आणि छतावरच्या हॅचना (उघडता येणाऱ्या झडपांना) कापून बसवायला मात्र ती उत्तम.

सगळी बोट मढवायची गरज नाही. झोपायची जागा, कपड्यांचे लॉकर, डोक्यावरचं छत, एवढं पहिल्या वर्षी पुरे. ऑक्टोबरात काम करा म्हणते त्यालाही कारण आहे. गोंद ८ अंशांत नीट धरत नाही आणि त्याचा वास जायला हॅच दोन दिवस उघडे ठेवावे लागतात.

खिडक्यांना आतून अ‍ॅक्रिलिकची पातळ शीट चुंबकी पट्टीने बसवली की दुहेरी काच तयार. घाई असेल तर घरगुती पारदर्शक फिल्म हेअर ड्रायरने ताणून लावा, एक मोसम टिकते. पायाखाली जाड सतरंजी हवीच. लाकडी तळफळीच्या खाली बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाची पाणी साचणारी पोकळी, त्याखाली सरळ समुद्र. तिथून येणारा गारवा मोज्यांच्या तीन जोड्यांतूनही पोचतो.

आता गादी. गादी आणि फळी यांच्यामध्ये हवा खेळलीच पाहिजे. त्यासाठी जाळीसारखी विणलेली खास चटई मिळते, साधारण पाऊण इंच जाडीची. लाकडी पट्ट्यांची चौकटही चालते. शिवाय फळीलाच दोन इंची भोकं पाडून घ्या. आणि सकाळी उठल्यावर गादी एका बाजूने उभी करून ठेवा, अंथरूण लगेच घालू नका. हे एक काम चुकलं की बाकी सगळी मेहनत वाया.

लॉकरमधले कपडे भिंतीला टेकवू नयेत, मध्ये प्लास्टिकची जाळी किंवा फोम ठेवावा. दारं रात्री किलकिली. पुस्तकं आणि कागदपत्रं झाकणबंद डब्यात. चामड्याचं काहीही बोटीवर आणू नका, एवढं ऐकाच.

आईला फोनवर हे सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, मग कपाटात बल्ब लाव ना. आपण शालूंसाठी लावतो तसा." मी हसले. मग डॉकवरच्या (बोटी बांधायच्या धक्क्यावरच्या) एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या बोटीवर गेले, तर त्याच्या प्रत्येक लॉकरमध्ये हातभर लांबीची, कमी वॅटची गरम होणारी दांडी बसवलेली. कोकणातला बल्ब आणि बॅलर्डमधली दांडी, तत्त्व एकच : आतली हवा दोन-तीन अंशांनी गरम ठेवली की पाणी सुटत नाही. मात्र बोटीवर उघडा फिलामेंटचा बल्ब कपड्यांत ठेवू नका. दांडीच घ्या.

ऊब : वीज, डिझेल आणि काय नको

मरीनात डॉकवरून वीज मिळते. अमेरिकेत बहुतेक छोट्या बोटींना १२० व्होल्टची ३० अँपिअरची एक जोडणी असते. कागदावर ३,६०० वॅट. पण सतत वापरायचं ते ८० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे २४ अँपिअर, साधारण २,९०० वॅट. दुकानात मिळणारा हीटर १,५०० वॅटचा. दोन हीटर पूर्ण लावले की मर्यादा ओलांडली, आणि बॅटरी चार्जर, पाणी तापवणारी टाकी अजून हिशोबात आलेलीच नाही. इंडक्शनची शेगडी १,८०० वॅट खाते. म्हणून आमचा नियम : शेगडी चालू तर हीटर बंद. बटणाशेजारी कागद चिकटवलाय, कारण भुकेलेल्या माणसाला नियम आठवत नाहीत.

दोन हीटर अर्ध्या ताकदीवर, केबिनच्या दोन टोकांना, हे एका हीटरपेक्षा बरं. तेलाचा रेडिएटर आवाज करत नाही आणि रात्रीसाठी त्यातल्या त्यात सुरक्षित. सकाळी पटकन ऊब हवी तर सिरॅमिकचा पंखेवाला, आडवा झाला की आपोआप बंद होणारा. दोन्ही बांधून ठेवायचे. बाजूने एखादी बोट जोरात गेली की हीटर चालायला लागतो.

खरा धोका हीटरमध्ये नाही, प्लगमध्ये आहे. डॉकवरची केबल बोटीला जिथे जोडली जाते तिथल्या पितळी पात्यांवर खारी हवा बसते, जोड ढिला होतो आणि हिवाळाभर २०-२२ अँपिअर वाहत राहिले की तो तापतो. बोटींना लागणाऱ्या आगींचं हे एक नेहमीचं मूळ. दर रविवारी, हीटर तासभर चालल्यावर, प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल, किंवा पात्यांभोवती तपकिरी डाग दिसला, तर वीज बंद करून केबलचं टोक आणि बोटीवरचं सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनं नव्यालाही जाळतं. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड हीटरसाठी कधीही नाही. आणि बोटीवर कोणी नसताना हीटर बंद, मग परतल्यावर पहिला अर्धा तास कुडकुडावं लागलं तरी.

वीज गेली किंवा नांगरावर राहायचं असेल तर डिझेल. दोन प्रकार आहेत. एक पंख्याचा, जर्मन एस्पार आणि वेबास्टो ही जुनी नावं, आणि आता त्यांच्याच बेताचे स्वस्त चिनी. दोन किलोवॅटचा हीटर ताशी ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल पितो. सुरू होताना दोनेक मिनिटं बॅटरीतून ८-१० अँपिअर खेचतो, मग एक-दोनवर येतो. त्याला सारखं मंद ठेवू नका, आत काजळी धरते. रोज अर्धा तास पूर्ण ताकदीवर पळवा. दुसरा प्रकार भिंतीवरच्या शेगडीसारखा, डिझेल थेंबथेंब पडून जळतं आणि धूर डेकवरच्या नळीतून वर. ब्रिटिश कोलंबियातल्या डिकिन्सनच्या अशा शेगड्या इथल्या मासेमारी बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. वीज जवळजवळ लागत नाही, ज्योत दिसते, केबिन कोरडी होते. पेटवायची कला मात्र शिकावी लागते. चुलीशी ज्यांची ओळख आहे त्यांना लवकर जमेल.

धूर बाहेर जातो अशीच ज्वाला बोटीवर हवी. धुरांड्याशिवायचा गॅस हीटर, केरोसीनचा स्टोव्ह, उलटं मातीचं भांडं ठेवलेली मेणबत्ती, गॅसची शेगडी पेटवून हात शेकणं, यातलं काहीही नको. वाफेचं गणित वर सांगितलंच. त्याहून वाईट कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस ते बोट लागल्यावर ढकलतो. सागरी वापराचा अलार्म झोपायच्या जागेजवळ, तोंडाच्या उंचीवर लावा. मागे छापलेली मुदत संपली की आवाज येत असला तरी फेका. शेजारच्या बोटीचा जनरेटरही तुमच्या केबिनमध्ये हा वायू भरू शकतो, म्हणून "आमच्याकडे सगळं विजेवर आहे" हे कारण चालत नाही. स्वयंपाकाचा गॅस असेल तर त्याचा वेगळा शोधक खाली बिल्जजवळ. प्रोपेन हवेपेक्षा जड, तळाशी जाऊन बसतो.

हॅच उघडा ठेवायचा

हे कोणालाच पटत नाही. बाहेर पाऊस, हवा दमट, आणि ती आत घ्यायची? घ्यायची. ४ अंशांची हवा ९० टक्के आर्द्र असली तरी तिच्यात एका घनमीटरला जेमतेम पावणेसहा ग्रॅम पाणी असतं. तीच हवा आत येऊन १८ अंशांना तापली की तिची आर्द्रता उरते सुमारे ३५ टक्के. म्हणजे सिॲटलच्या पावसातली हवा तुमच्या केबिनमधल्या हवेपेक्षा कोरडी आहे. चिपळूणच्या पावसाळ्यात हे चालत नाही, कारण तिथे बाहेरची हवा गरमही असते. इथे चालतं.

पुढच्या हॅचला बोटभर फट आणि मागच्या दारात एक झरोका, रात्रंदिवस. थोडी ऊब जाते, जाऊ दे. शिवाय दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे, कोपऱ्यातल्या साचलेल्या हवेला हलवत ठेवायला.

एवढं करून आकडा ५० वर येत नसेल, आणि दोघं राहत असाल तर येत नाहीच, डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, घ्या. कॉम्प्रेसरचा प्रकार १५ अंशांखाली दमतो. थंड बोटीसाठी शोषक चाकाचा घ्या, तो गारठ्यातही पाणी काढतो. वीज जास्त खातो म्हणून लोक नाक मुरडतात. पण ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच केबिनमध्ये येते, आणि वर प्रत्येक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे ०.७ युनिट उष्णता फुकट सुटते. आमच्याकडे तो असतो तेव्हा एक हीटर बंदच राहतो. पाण्याची नळी थेट सिंकमध्ये सोडा, टाकी रिकामी करायला कोणी रात्री तीनला उठत नाही. पाणी शोषणाऱ्या क्षारांचे ते टांगायचे डबे लॉकरसाठी ठीक, अख्ख्या बोटीसाठी म्हणजे पुरात पोतेरं.

तसाच आणखी एक चोर : मीठ. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच समुद्राच्या शिंतोड्यांनी खारवलेलं जॅकेट कधीच वाळत नाही, हवेतलं पाणी ओढत राहतं. शिडं उभारून फिरून आलात तर सगळे कपडे, दोर, अगदी गादीचे कोपरे गोड्या पाण्याने पुसून मगच आत. धुणं मरीनाच्या मशीनमध्ये आणि तिथल्याच ड्रायरमध्ये. आंघोळही किनाऱ्यावर. बोटीवर मोजे वाळत घालणाऱ्याला आमच्याकडे भांडी घासायची शिक्षा आहे.

स्वयंपाक

कुकर बोटीवर सोन्याचा. उघड्या पातेल्यात वरण शिजवलं की अर्धा तास वाफ, आणि ती वाफ संध्याकाळी तुमच्या उशीवर. पण शिट्ट्या मोजायची सवय सोडा. प्रत्येक शिट्टी म्हणजे केबिनमध्ये सोडलेली वाफ. दाब भरला, शिट्टी हलायला लागली की आच अगदी बारीक, १२-१५ मिनिटं, मग बंद करून दाब आपोआप उतरू द्यायचा. शेगडीवरचा हॅच उघडा. भात, डाळ, बटाटे एकाच वेळी डब्यांत. फोडणी बाहेर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, करता आली तर उत्तम, कारण ३० फुटांत हिंगाचा वास तीन दिवस राहतो आणि ऑफिसच्या कोटालाही लागतो. पुरणपोळीचा प्रयत्न मी एकदा केला. त्या दिवशी मापकाने ८१ दाखवलं.

झोप

केबिन तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त. विजेची गादीवरची चादर ६० ते १०० वॅट घेते, म्हणजे रात्रभरात एका युनिटच्याही आत. झोपायच्या आधी अर्धा तास लावली की अंथरुणातली ओलही उडते. वीज नसेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी.

आजीची गोधडी मी हौसेने आणली होती. सुती गोधडी ओल पिते आणि जानेवारीत ती अंगावर घेणं म्हणजे ओला टॉवेल पांघरणं. मन मोडलं, पण ती आता मैत्रिणीच्या घरी आहे. त्याऐवजी आणली घोंगडी, खरीखुरी, धनगरी. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब धरते. धनगर पावसात उगाच ती डोक्यावर घेऊन फिरत नाहीत. टोचते, म्हणून खाली एक मऊ चादर. अंगालगतचे कपडेही लोकरीचे किंवा सिंथेटिक, सुती बनियन नाही. डोक्याला टोपी. आणि झोपायचे कपडे फक्त झोपायचे. दिवसभर घातलेल्यांत दिवसभराचा घाम असतो.

डॉकवर

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी किराण्याच्या दोन पिशव्या घेऊन मी डॉकवर सपशेल आडवी झाले. पाण्यापासून फूटभर अंतरावर. लाकडावर रात्रीचं दव गोठलं होतं आणि ते दिसत नव्हतं.

हिवाळ्यात बोटीवर राहणाऱ्याचा सगळ्यात मोठा धोका वादळ नाही, हा आहे : रात्री, एकटं असताना, डॉक आणि बोट यांच्या मधल्या फटीत पडणं. ८ अंशांच्या पाण्यात पडल्यावर काय होतं ते मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्त यांनी १-१०-१ अशा सूत्रात सांगितलंय. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं. त्या मिनिटात माणूस नकळत धापा टाकतो आणि पाणी गिळतो, म्हणून धडपडू नका, काहीतरी धरून श्वास सावरा. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यानंतर बोटं दोर धरत नाहीत. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे वर चढायचं तर ते त्या दहा मिनिटांतच.

जाड कोट घालून कोणालाही डॉकवर हातांच्या जोरावर चढता येत नाही. म्हणून बोटीच्या मागची शिडी पाण्यातूनच ओढून खाली पाडता आली पाहिजे. आज रात्रीच बघा, तिचा खिळा कुठल्या बाजूने निघतो. डॉकवरच्या शिड्या कुठे आहेत ते अंधारात सांगता यायला हवं. नोव्हेंबर ते मार्च, एकटं असताना, मी गळ्यातलं फुगणारं लाइफ जॅकेट घालूनच डॉकवर चालते. लोक हसतात. एक हात मोकळा, पिशव्या ढकलगाडीत, कपाळावर दिवा. ओहोटीला उतरणीचा पूल फार तिरका होतो, तेव्हा कठडा धरा.

गोठवणारे दिवस आणि वारा

हवामानखात्याने शून्याखालची रात्र सांगितली की आदल्या संध्याकाळी पाण्याची टाकी भरून घ्या, कारण मरीना डॉकवरचे नळ बंद करते. नळी काढून, रिकामी करून आत. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा म्हणजे ऊब पाइपांपर्यंत जाईल, इंजिनाच्या खोलीचं झाकणही. प्युजेट साउंडचं खारं पाणी इथे गोठत नाही, पण इंजिनात अडकलेलं पाणी गोठू शकतं. डेकवरचा बर्फ प्लास्टिकच्या फावड्याने काढा, लोखंडी नको, आणि कॉकपिटची पाणी जाणारी भोकं मोकळी ठेवा. २३ डिसेंबर २०२२ ला इथे गोठणारा पाऊस पडला, तेव्हा डॉकच काचेचा झाला होता. अशा दिवशी खायला असेल ते खा आणि बाहेर पडू नका.

वादळी वारा बहुधा दक्षिणेकडून येतो. त्या बाजूचे दोर दुप्पट करा आणि जिथे घासतात तिथे जुन्या अग्निशमन पाइपचा तुकडा चढवा.

डिसेंबरात भारतात जायचं असेल तर

आपल्यापैकी बरेचजण तीन-चार आठवडे जातातच. जायच्या आधी इंजिनाच्या समुद्री पाण्याच्या मार्गात गुलाबी, बिनविषारी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) ओढून घ्या, गाडीतलं विषारी नाही. नळांच्या पाइपांतही तेच. तळातले सगळे व्हॉल्व्ह बंद, फक्त डीह्युमिडिफायरची नळी ज्या सिंकमध्ये जाते त्याचा उघडा. सुटे हीटर नुसते बंद करू नका, प्लग काढून ठेवा. डीह्युमिडिफायर ५५ वर लावून चालू. बिल्जचा पंप, त्याचा तरंगणारा स्विच हाताने उचलून, तपासा आणि बॅटरी चार्जर सुरू आहे ना ते बघा. गाद्या उभ्या, लॉकरची दारं सताड उघडी, फ्रिज रिकामा आणि दार अडकवून उघडं.

मग किल्ली शेजाऱ्याला द्या. आमचा तो दांड्यावाला म्हातारा दर रविवारी बोटीत डोकावतो, प्लगला हात लावतो आणि दोन्ही मापकांचे आकडे मला मेसेज करतो, दुसरं काही नाही. मागच्या वर्षी चिपळूणला जेवताना फोन वाजला, "४९, ५४." मी वाचून सुटकेचा श्वास सोडला, तर आई म्हणाली, "कुणाची मॅच आहे गं?"